विंडोज १० चा सपोर्ट संपला: जुना टू-इन-वन लॅपटॉप ठेवायचा, अपग्रेड करायचा की बदलायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट संपला. दुसऱ्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. वर्ड उघडत होतं, ऑनलाइन मीटिंग सुरू होत होत्या, यूट्यूबही चालत होतं. त्यामुळे ‘बघू नंतर’ म्हणून अनेकांनी हा विषय बाजूला ठेवला.

पण ज्यांच्याकडे टू-इन-वन, म्हणजे कीबोर्ड काढला की टॅबलेट आणि लावला की लॅपटॉप असं यंत्र आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न जरा जास्त अवघड आहे. साध्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम वाढवता येते, बॅटरी बदलता येते. टू-इन-वन पातळ ठेवण्यासाठी बहुतेक भाग आतमध्ये सोल्डर केलेले किंवा चिकटवलेले असतात. म्हणजे ‘थोडं दुरुस्त करून चालवू’ हा पर्याय इथे फारसा नसतो. मग काय करायचं? टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. तेव्हापासून दर महिन्याला त्यात सापडलेल्या सुरक्षा त्रुटींवर मायक्रोसॉफ्ट मोफत अपडेट देत होतं. आता ते बंद झालं. यापुढे नवी त्रुटी सापडली, तर वेगळी नोंदणी न केलेल्या यंत्रांमध्ये ती तशीच उघडी राहणार.

सगळं एकदम बंद झालेलं नाही. एज ब्राउझरचे अपडेट विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर, म्हणजे २२एच२ वर, किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या वर्ड, एक्सेलसारख्या ॲप्सचे सुरक्षा अपडेटही १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरू राहतील. मात्र ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सपोर्ट विंडोज १० सोबत त्याच दिवशी संपला.

ब्राउझर आणि अँटिव्हायरस अपडेट होत असले, तरी खालची ऑपरेटिंग सिस्टीम उघडी असेल तर धोका उरतोच. दाराला नवं कुलूप लावलं आणि भिंतीला भगदाड तसंच ठेवलं, असा हा प्रकार आहे.

पण हा धोका खरा आहे का?

मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हल्ला आठवून पाहा. विंडोजमधल्या एका त्रुटीचा वापर करून हे रॅन्समवेअर जगभर पसरलं आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज विस्कळीत झालं. त्या त्रुटीवरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. फटका बसला तो प्रामुख्याने अपडेट न घेतलेल्या संगणकांना.

पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आलं. त्याने पसरण्यासाठी इतर मार्गांसोबत तीच त्रुटीही वापरली. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला होता. थोडक्यात, अपडेट नसलेला संगणक आज हॅक होईलच असं नाही, पण पुढची मोठी त्रुटी सापडेल तेव्हा तो सगळ्यात सोपं लक्ष्य असेल. त्याच लॅपटॉपवरून तुम्ही नेट बँकिंग, आयकर किंवा जीएसटीचं काम करत असाल, तर हा विचार आजच करायला हवा.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

‘अपग्रेड करू का?’ असं आपण विचारतो, तेव्हा त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. पहिला, ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची का? दुसरा, यंत्रच बदलायचं का? पहिल्याचं उत्तर प्रोसेसर ठरवतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. दुसऱ्याचं उत्तर बॅटरी, रॅम आणि तुमचं काम ठरवतं आणि त्याला बरेच पैसे लागतात. दोन्ही प्रश्न एकत्र केले, की चांगला चालणारा लॅपटॉप उगाच विकला जातो किंवा मरायला टेकलेल्या लॅपटॉपवर वेळ वाया जातो.

तुमचं यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे का?

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी व्यवस्था. ती वेगळ्या चिपमध्ये असते किंवा प्रोसेसरमध्येच असते.

खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर पात्र आहेत, त्याआधीचे काही मोजके अपवाद वगळता नाहीत. तुमच्या प्रोसेसरचं नाव आय५-८२५०यू असेल, तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७३००यू असेल तर सातवी. पेंटियम, सेलेरॉन आणि ॲटमला हा नियम लागू होत नाही, तिथे मॉडेलनुसार तपासावं लागतं.

टू-इन-वन प्रकार लोकप्रिय करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मालिकेत ही रेषा कशी पडते ते पाहा:

• सरफेस प्रो ४ (२०१५) – अपात्र. यात टीपीएम २.० आहे, पण प्रोसेसर सहाव्या पिढीचा.
• सरफेस प्रो (२०१७) – अपात्र. प्रोसेसर सातव्या पिढीचा.
• सरफेस बुक २ (२०१७) – आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेली मॉडेल्स पात्र, सातव्या पिढीची अपात्र.
• सरफेस गो (२०१८) – अपात्र.
• सरफेस प्रो ६ (२०१८) – पात्र.
• सरफेस गो २ (२०२०), सरफेस प्रो ७ (२०१९) आणि त्यानंतरची मॉडेल्स – पात्र.

म्हणजे २०१८ मध्येच आलेल्या दोन सरफेसपैकी एक पात्र आणि एक अपात्र. त्यामुळे ‘मी अमुक साली घेतला’ यावरून काही ठरवू नका. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. टीपीएम नाही असं त्यात दिसलं, तर लगेच निराश होऊ नका. काही लॅपटॉपमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

२०१५ च्या आसपास भारतात मायक्रोमॅक्स, आयबॉल अशा ब्रँडचे स्वस्त टू-इन-वन आले होते. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज असलेली ही यंत्रं विंडोज ११ च्या किमान अटींतच बसत नाहीत.

पात्र असेल तर अपग्रेड करावं का?

बहुतेकांसाठी उत्तर ‘हो’ आहे. मूळ विंडोज १० अधिकृत असेल, तर विंडोज ११ मोफत मिळतं. दुकानदार बसवून देण्याची मजुरी घेऊ शकतो, पण परवान्याचे वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे, ते नक्की विचारा.

टू-इन-वन वापरणाऱ्यांना एक बदल जाणवेल. विंडोज १० मध्ये टॅबलेट मोड हाताने चालू-बंद करण्याचं बटण होतं. विंडोज ११ मध्ये ते नाही. कीबोर्ड काढला किंवा मागे वळवला की यंत्र स्वतःच बोटांनी वापरायला सोयीच्या रचनेत जातं. याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

रॅमबद्दल मात्र कागदावरच्या अटींवर विसंबू नका. ४ जीबीवर विंडोज ११ बसतं, पण ब्राउझरचे दहा टॅब आणि एक मीटिंग एकत्र चालवली की ते रखडतं. ८ जीबी असेल तर रोजची कामं नीट होतात.

अपग्रेड करण्याआधी तीन गोष्टी करा:

१. सगळ्या फाइल्सची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवा.
२. बिटलॉकरची रिकव्हरी की शोधून लिहून ठेवा. अनेक टू-इन-वनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. मोठ्या बदलानंतर यंत्राने ही ४८ अंकी की मागितली आणि ती नसेल, तर डिस्कवरच्या फाइल्स परत मिळत नाहीत. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.
३. कामाची सॉफ्टवेअर तपासा. टॅलीची जुनी आवृत्ती, जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, जुना प्रिंटर हे सगळं विंडोज ११ वर चालतं का, ते बनवणाऱ्या कंपनीकडून आधीच विचारून घ्या.

अपग्रेडनंतर काही बिनसलं, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधून विंडोज १० वर परत जाता येतं. म्हणून महिनाअखेर, परीक्षा किंवा रिटर्न भरण्याच्या मुदतीच्या तोंडावर हा प्रयोग करू नका.

पात्र नसेल तर?

तीन रस्ते आहेत.

पहिला, मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ म्हणजे ईएसयू योजना आणली. तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. नोंदणीचे तीन पर्याय आहेत: मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून पीसीच्या सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवणं (यासाठी पैसे नाहीत), १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट वापरणं किंवा एकदाच ३० डॉलर अधिक कर भरणं. एका नोंदणीत त्याच खात्यावरची दहा यंत्रं बसतात. यंत्रावर २२एच२ आवृत्ती हवी. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो. यात फक्त सुरक्षा अपडेट मिळतात, नवी फीचर्स किंवा तांत्रिक मदत नाही.

दुसरा, अट चुकवून विंडोज ११ बसवणं. याचे व्हिडिओ भरपूर फिरतात आणि काही यंत्रांवर ते चालतंही. पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे. सुरक्षा अपडेटसाठीच सगळा खटाटोप असेल, तर हा रस्ता घेऊन मूळ प्रश्न सुटत नाही.

तिसरा, लिनक्स. ब्राउझर, ईमेल आणि लेखनासाठी जुन्या यंत्रावर लिनक्स छान चालतं. पण टू-इन-वनमध्ये टचस्क्रीन, पेन आणि कॅमेरा यांचं काय होतं ते पाहावं लागतं. सरफेससाठी तर खास कर्नल बसवावं लागू शकतं. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, मगच डिस्कवर बसवा.

यंत्राची तब्येत कशी ओळखायची?

आता दुसरा प्रश्न. यंत्र पात्र असलं, तरी ते आणखी दोन-तीन वर्षं टिकेल का? इथे बॅटरीपासून सुरुवात करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला ४५,००० आणि दुसरा २२,००० असेल, तर बॅटरीची निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली आहे. नेहमी चार्जर लावूनच काम करणाऱ्याला हे चालून जाईल, वर्गात किंवा साइटवर हातात धरून वापरणाऱ्याला नाही.

स्क्रीन एका कडेने उचललेली दिसत असेल किंवा मागची बाजू फुगली असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग थांबवा, स्क्रीन दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि अधिकृत सेवा केंद्रात दाखवा. हे यंत्र अपग्रेड करायचं की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही.

नवं घ्यायचंच ठरलं तर?

किंमत पाहताना कीबोर्ड आणि पेन वेगळे विकत घ्यावे लागतात का, ते आधी पाहा. सरफेस प्रो मध्ये सहसा लागतात. आणि प्रो ७ चा जुना कीबोर्ड प्रो ८ किंवा त्यानंतरच्या मॉडेलला बसत नाही.

दुसरं, प्रोसेसर. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवरचे विंडोज लॅपटॉप मोठ्या प्रमाणात आले. हे एआरएम प्रकारचे आहेत. इंटेलसाठी बनवलेली बरीच ॲप्स त्यावर चालतात, पण ड्रायव्हर मात्र एआरएमसाठी खास बनवलेलेच लागतात. प्रिंटर, स्कॅनर किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरणाऱ्यांनी खरेदीआधी खात्री करावी.

तिसरं, रॅम नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे शक्य असेल तर १६ जीबी घ्या. शेवटचं, स्वतःला विचारा: गेल्या वर्षभरात कीबोर्ड किती वेळा काढला? उत्तर ‘दोन-तीनदा’ असेल, तर त्याच पैशांत जास्त ताकदीचा साधा लॅपटॉप मिळतो.

मग ठरवायचं कसं?

• पात्र, ८ जीबी रॅम, बॅटरी ठीक: विंडोज ११ घ्या, नवं यंत्र नको.
• पात्र, पण ४ जीबी रॅम: फाइल्सची प्रत ठेवून अपग्रेड करा. दहा दिवसांत फारच रखडलं, तर मागे जाऊन ईएसयूला नोंदणी करा.
• अपात्र, पण यंत्र धडधाकट: आजच ईएसयूला नोंदणी करा आणि मिळालेल्या मुदतीत लिनक्स की नवं यंत्र, हे सावकाश ठरवा.
• बॅटरी फुगलेली: आधी डेटा वाचवा, मग यंत्र बदला.

जुनं यंत्र विकताना किंवा ई-कचऱ्यात देताना आधी खात्यातून साइन आउट करा आणि ‘रिसेट धिस पीसी’मधला सगळं पुसण्याचा पर्याय वापरा. नाहीतर यंत्र जाईल, पण तुमचे पासवर्ड, फोटो आणि पॅन-आधारच्या प्रती त्याच्यासोबतच दुसऱ्याच्या हातात पडतील.