तोल आणि विजेचा सांठा

सायकल उभी राहते ती धांवत असते म्हणून. थांबली कीं कलंडली. पण दोन चाकें शेजारीं शेजारीं लावलेली आणि जागच्या जागींही न कलंडणारी गाडी अमेरिकेंतील डीन केमन यांनीं ३ डिसेंबर २००१ रोजीं जगापुढें आणली. तिचें नांव सेग्वे. स्वार पुढें झुकला कीं चाकें पुढें जात आणि त्याला सांवरून धरीत.

हें सांवरणें सर्वस्वीं विजेवर अवलंबून. मोटारीचें तेल संपलें तर मोटार थांबते. या गाडीची वीज संपली तर माणूस पडतो. बॅटरी उतरल्याचा इशारा मिळूनही पुढें जाणारे, किंवा अशा वेळीं एकाएकीं वेग घेणारे, कांहीं स्वार पडले. तिघांना इजा झाली. एकाच्या डोक्याला टांके पडले. सप्टेंबर २००३ मध्यें तोंवर विकलेल्या सुमारें ६,००० गाड्या परत बोलावाव्या लागल्या. दुरुस्ती चाकांत नव्हती, गाडीच्या संगणकाला दिलेल्या आज्ञांत होती.

त्या सेग्वेंत निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या दोन बॅटऱ्या असत. एक बिघडली तर दुसरीच्या बळावर सुखरूप उतरतां यावें, हा हेतु. या जातीची बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू उतरते. म्हणून वापर नसेल तेव्हां गाडी प्लगला लावूनच ठेवा, असा कंपनीचाच सल्ला असे.

हीच संवय पुढें महागांत पडली. २०१५ च्या सुमारास दांडा नसलेल्या, स्वस्त होव्हरबोर्डांचा सुळसुळाट झाला. त्यांत हलकी लिथियम-आयन बॅटरी होती. लिथियमच्या घटांत धन व ऋण बाजूंमध्यें अगदीं पातळ पडदा असतो आणि भोंवतीं ज्वलनशील द्रव. पडदा सदोष असला, घट प्रमाणाबाहेर भरला किंवा आपटून चेपला, तर घट आंतूनच तापत जाऊन पेटतो. एका घटाची मर्यादा ४·२ व्होल्ट. दहा घटांच्या माळेंतील प्रत्येकावर नजर ठेवणारें सर्किट चांगल्या गाडींत असतें, स्वस्त गाडींत तें कित्येकदां नसे. विमान कंपन्यांनीं ही वस्तु नाकारली. जुलै २०१६ मध्यें अमेरिकेंत सुमारें ५,०१,००० होव्हरबोर्ड परत मागविले गेले. तापण्याच्या व पेटण्याच्या ९९ तक्रारी नोंदल्या होत्या. तरीही मार्च २०१७ मध्यें पेनसिल्व्हेनियांतील हॅरिसबर्ग येथें चार्जिंगला लावलेल्या होव्हरबोर्डानें घर पेटलें आणि दोन लहान मुली दगावल्या.

२०१६ सालीं तयार झालेल्या ‘यूएल २२७२’ या कसोटीचा शिक्का आज गाडीवर पाहून घ्यावा, तो यासाठीं. चार्जरही त्याच गाडीचा हवा. घरांतील मुलें खेळून येतांच प्लग लावतात. त्या वेळीं घट तापलेले असतात, ते निवूं द्यावे. सारें घर झोंपलें असतां किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर ही गाडी चार्जिंगला ठेवूं नये, आणि भरल्याचा दिवा लागतांच प्लग काढावा. महिनोन्महिने कोपऱ्यांत ठेवायची असेल, तर बॅटरी कांठोकांठ भरूं नये, अगदीं रितीही करूं नये; निम्मी भरलेली अधिक टिकते.