रेंब्रांटचा पांगुळगाडा

इ. स. १६४६ च्या सुमारास रेंब्रांट ह्या डच चित्रकारानें तांब्याच्या पत्र्यावर एक चित्र कोरलें. त्यांत दोन विवस्त्र तरुण आहेत. एक उभा, दुसरा जमिनीवर बसलेला. ते कोणी देव अथवा पुराणवीर नव्हेत. चित्रशाळेंत अभ्यासाकरितां ज्यांस तासन्‌तास एकाच ठेवणींत राहावयास लावीत, त्यांपैकीं ते आहेत. आणि उभें राहून राहून आलेला कंटाळाही उभ्या तरुणाच्या अंगावर दिसतो. येथेंच चित्र संपलें असतें तर तें अभ्यासाचा एक चांगला नमुना म्हणून राहिलें असतें. पण ह्या दोघांच्या मागें, अगदीं फिकट रेघांनीं, रेंब्रांटनें आणखी एक प्रसंग काढला आहे. एक बाई खालीं बसून, हात पुढें करून बोलावीत आहे, आणि एक मूल पांगुळगाड्याला धरून तिच्याकडे निघालें आहे. डच लोकांनीं पुढें ह्या चित्राचें नांवच मुळीं ‘पांगुळगाडा’ असें पाडलें.

चित्रशाळेंतील तरुणांच्या पाठीशीं हें मूल कशाला आलें? ह्यावर पंडितांनीं एक अर्थ सुचविला आहे तो असा कीं, चालावयास शिकणें चालूनच होतें, तसें रेखाटावयास शिकणेंही रेखाटूनच होतें. गुरूनें फार तर हात पुढें करून बोलवावें. आम्हांस हा अर्थ पटतो. रेंब्रांटच्या मोठ्या तैलचित्रांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. आम्ही येथें त्याच्या नित्याच्या रेखाटनांकडेच वळणार आहों. कारण चाळीस वर्षें हा मनुष्य रोज काय करीत होता हें त्यांवरून जितकें कळतें तितकें दुसऱ्या कशावरूनही कळत नाहीं.

रेंब्रांटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजीं लायडन शहरीं, पवनचक्कीवर धान्य दळणाऱ्या एका गृहस्थाच्या घरीं झाला. गांवांतील एका चित्रकाराजवळ तीन वर्षें व नंतर अ‍ॅमस्टरडॅम येथें पीटर लास्टमन ह्याच्याजवळ सुमारें सहा महिने शिकून तो परत आला, तेव्हां त्याचें वय विशीच्या आंतबाहेर होतें. कथाचित्रें काढावयाचीं तर माणसाच्या चेहऱ्यावर भय, क्रोध, विस्मय कसे उमटतात तें कळलें पाहिजे. आणि भिण्याचें सोंग करून समोर बसणारा मनुष्य पैसे दिल्यावांचून मिळत नाहीं. रेंब्रांटनें आरसा घेतला. १६३० सालीं त्यानें स्वतःच्या मुद्रेचीं जीं कोरीव चित्रें केलीं, त्यांत तो कोठें हसतो आहे, कोठें कपाळाला आठ्या घालतो आहे, कोठें डोळे विस्फारून व तोंड उघडें टाकून पाहतो आहे. हें शेवटचें चित्र जेमतेम दोन इंचांचें आहे. त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका चित्रांत रस्त्याच्या कडेला हात पसरून बसलेला एक भिकारी आहे. त्याचें तोंड न्याहाळून पाहिलें तर तें रेंब्रांटचेंच आहे.

पुढें आयुष्यभर त्यानें स्वतःस काढण्याचा क्रम सोडला नाहीं. सुमारें चाळीस तैलचित्रें, तीसएक कोरीव चित्रें व थोडीं रेखाटनें, इतकी ह्या एका चेहऱ्याची संपत्ति आज मोजतां येते. एवढ्यावरून त्यास आत्मप्रौढीचा दोष देण्याचा मोह होतो. परंतु आमचे गवई पहांटे उठून तंबोरा जुळवितात व खर्ज लावीत बसतात, तें श्रोत्यांकरितां नसतें हें आपण जाणतों. रेंब्रांटचा आरसा हा त्याचा तंबोरा होता.

त्याच्या हातीं साधनें किती होतीं तेंही पाहण्याजोगें आहे. काळा खडू, तांबडा खडू, पिसाची लेखणी, कुंचला, रुप्याची अणकुचीदार कांडी आणि बोरू. शाईही एक नव्हे. काजळीपासून केलेली तपकिरी शाई तो वापरी. कांहीं वर्षें मायफळ व हिराकस ह्यांची शाईही त्यानें वापरली. ज्या घरांत जुनीं बाडें आहेत त्यांस ही शाई परकी वाटणार नाहीं. कोरीव कामाची तऱ्हा आणखी वेगळी. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, त्यावर सुईनें रेघा ओढावयाच्या, मग पत्रा तेजाबांत बुडवावयाचा. सुईनें जेथें लेप उकरला तेथेंच तांबें खाल्लें जातें आणि शाई भरून दाबलें कीं कागदावर ठसा उमटतो, तोही उलटा. प्रत्येक साधनाचा स्वभाव निराळा. खडू पुसतां येतो; बोरूची जाड रेघ एकदां पडली कीं पडली. कोणत्या वेळीं काय हातांत घ्यावें हें रेंब्रांटला उपजत कळत होतें असें म्हणण्यापेक्षां, सर्वांशीं रोजचा सहवास असल्यानें कळूं लागलें होतें, असें म्हणणें आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें.

ह्याचें एक सुंदर उदाहरण ८ जून १६३३ ह्या तारखेचें आहे. सास्किया नांवाच्या मुलीशीं त्याचा वाङ्‌निश्चय होऊन तिसरा दिवस होता. चर्मपत्राच्या एका तुकड्यावर रुप्याच्या कांडीनें त्यानें तिला काढलें: डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातीं एक फूल, गालाशीं टेकलेला हात. खालीं त्यानें स्वहस्तें तारीख व प्रसंग नोंदविला आहे. रुप्याची रेघ अतिशय नाजूक असते व ती सहजीं खोडतां येत नाहीं. नेहमींच्या सरावाच्या कागदाऐवजीं हें जपून ठेवण्याचें साधन त्यानें त्या दिवशीं मुद्दाम निवडलें, हें उघड आहे.

पुढचीं वर्षें मात्र साध्या कागदावर आहेत. बिछान्यांत पडून असलेली, उशीला टेकून बसलेली स्त्री त्या काळच्या अनेक पानांवर दिसते. ती बहुधा सास्कियाच असावी. त्या दोघांचीं पहिलीं तीन मुलें तान्हेपणींच गेलीं. चौथा मुलगा टायटस १६४१ त जन्मला व वांचला. पण दुसऱ्याच वर्षीं सास्किया वारली. तिचें वय तेव्हां तीस वर्षांचेंही नव्हतें. हें दुःख त्यानें कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. पानें मात्र थांबलीं नाहींत.

ह्याच काळांत त्याची चित्रशाळा भरभराटीस आली होती. शिष्य वर्षाला शंभर गिल्डर देऊन शिकावयास येत, अशी एका समकालीनाची नोंद आहे. आरंभीं वर्णिलेला उभा तरुण ह्याच शाळेंतला. त्याच ठेवणींतील त्याचीं शिष्यांनीं वेगवेगळ्या बाजूंनीं काढलेलीं तीन रेखाटनें आजही उपलब्ध आहेत. म्हणजे ज्या बैठकींत शिष्य कागदावर रेखाटीत होते, तींतच गुरुही त्यांच्याबरोबर बसून तांब्यावर रेखाटीत असावा. रेन्येस नांवाच्या एका शिष्याच्या रेखाटनावर रेंब्रांटनें जाड रेघांनीं केलेल्या दुरुस्त्या आहेत. कित्त्यावर पंतोजींनीं गिरवून द्यावें तशा त्या दिसतात. होख्‌स्ट्राटन हा दुसरा शिष्य. तो पोरवयांत असतांना फार प्रश्न विचारी. त्यानें १६७८ त छापलेल्या ग्रंथांत गुरूच्या उत्तराची आठवण दिली आहे. तिचा भावार्थ असा कीं, जें तुला आधींच येतें तें नीट कामास लाव; आज ज्याविषयीं विचारतोस तें पुढें आपोआप उलगडेल.

ह्या एकत्र बसण्याचा एक परिणाम तीनशें वर्षांनीं दिसून आला. ऑटो बेनेश ह्या पंडितानें १९५४ ते १९५७ ह्या काळांत रेंब्रांटच्या रेखाटनांची सहा खंडांची सूचि प्रसिद्ध केली. तींत सुमारें १४०० रेखाटनें होतीं. पुढील अभ्यासकांनीं बारकाईनें पाहतां त्यांतील शेंकडों शिष्यांच्या हातचीं ठरविलीं. कागद, शाई, विषय, धाटणी सर्व गुरूचें. फक्त हात दुसऱ्याचा. ज्या संग्रहालयांनीं हीं पानें रेंब्रांटचीं म्हणून मिरविलीं त्यांस वाईट वाटलें असेल, आणि बाजारांत तर अशा पानाची किंमत एका दिवसांत कोसळते. आम्हांस मात्र ह्यांत रेंब्रांटचें कांहीं उणें झालेलें दिसत नाहीं. ज्याच्या शेजारीं बसून पोरांनीं इतकें काढलें कीं पुढच्या पिढ्या फसल्या, तो गुरु खरा, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

१६५६ सालीं, म्हणजे शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली त्याच वर्षीं, रेंब्रांटचें दिवाळें निघालें. १६३९ त त्यानें १३,००० गिल्डरांस घेतलेलें घर पुढें ११,२१८ गिल्डरांस विकलें गेलें. जुलै महिन्यांत सरकारी कारकुनांनीं घरांतील चीजवस्तूंची यादी केली. त्या यादींत भांडींकुंडीं, शंख, शस्त्रें ह्यांच्याबरोबर रेंब्रांटच्या रेखाटनांनीं भरलेलीं बाडेंच्या बाडें आहेत. तीं त्यानें विकलीं नव्हतीं. विषयवार लावून जवळ ठेवलीं होतीं. तीं आतां सावकारांच्या देण्यापायीं लिलावांत गेलीं. मनुष्याची रोजची वहीच त्याच्या हातून काढून घ्यावी तसें हें झालें.

अशा वेळीं दुसऱ्या कोणाचा हात थांबला असता. ह्याच सुमाराचें एक लहान रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. बोरूच्या मोजक्या रेघा. एक मूल चालावयास शिकत आहे. एका बाजूनें आईनें त्यास घट्ट धरलें आहे, दुसऱ्या बाजूनें बहिणीनें जरा भीतभीत. बाप पुढें बसून हात पसरून बोलावीत आहे. मागून एक गवळण भरलेली चरवी घेऊन जात आहे, आणि तिच्या दुसऱ्या, ताणलेल्या हातावरून चरवीचें ओझें आपल्याला कळतें. मुलाचा चेहरा आपल्याला फारसा दिसतही नाहीं, तरी त्याची भीति व हौस दोन्ही कळतात. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी ह्यानें तर आजवरच्या सर्व रेखाटनांत ह्यास अग्रस्थान दिलें आहे.

त्याच वर्षांत रेंब्रांटनें आणखी एक गोष्ट केली, ती आपल्याला विशेष जवळची वाटेल. डच कंपनीच्या वखारी सुरतेस व वेंगुर्ल्यास होत्या, आणि मालाच्या गलबतांतून मोंगली चित्रेंही हॉलंडास पोंचत. १६५६ ते १६६१ च्या दरम्यान रेंब्रांटनें अशा चित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनें केलीं, तींही जपानांतून आलेल्या मुलायम कागदावर. जहांगीर आहे, शहाजहान आहे, झाडाखालीं बसलेले वृद्ध शेख आहेत. शहाजहान तेव्हां हयात होता. पन्नाशींतला, दिवाळें निघालेला, नामांकित चित्रकार एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें आपल्याकडील अज्ञात चितेऱ्यांचा कित्ता गिरवीत बसला आहे, हें दृश्य आम्हांस फार मोठें वाटतें. त्या शेखांची बैठकच त्यानें १६५६ च्या एका कोरीव चित्रांत अब्राहम व त्याचे दिव्य पाहुणे ह्यांना दिली.

शेवटीं एक कठोर पान. १६६४ च्या मे महिन्याच्या आरंभीं एल्सये क्रिस्टियान्स ह्या अठरा वर्षांच्या मुलीस अ‍ॅमस्टरडॅम येथें देहान्त शासन झालें. ती जटलंडहून चाकरी शोधावयास आलेली. भाड्याच्या तंट्यांत घरमालकिणीवर तिनें कुऱ्हाड चालविली होती. तिचें प्रेत खाडीपलीकडच्या माळावर खांबास बांधून, बाजूला तीच कुऱ्हाड टांगून ठेवण्यांत आलें. सत्तावन्न वर्षांचा रेंब्रांट तेथें गेला व त्यानें तिला दोनदां काढलें: एकदां समोरून, एकदां बाजूनें. तिचें नांव पुढें विसरलें गेलें होतें. १९६९ त जुन्या दफ्तरांवरून तें पुन्हां लागलें. त्या दोन पानांत निषेध नाहीं, उपदेश नाहीं. लोंबणारे हात आहेत, घागऱ्याच्या चुण्या आहेत, आणि एका पोरीचा मिटलेला चेहरा आहे. न्यायाधीशांनीं तिला दहशतीकरितां टांगलें. लोक तमाशा पाहून परतले असतील. तिच्याकडे माणूस म्हणून पाहणारा जो एक मनुष्य त्या माळावर गेल्याचें आपल्याला ठाऊक आहे, तो रोजच्या संवयीनें कागद व शाई घेऊन गेला होता. ती संवय नसती तर तिच्या चेहऱ्याची आठवण आज कोणासही नसती.

१६६३ त त्याची सहचारिणी हेन्ड्रिक्ये वारली. १६६८ त टायटस गेला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजीं रेंब्रांटनें देह ठेवला. त्या शेवटच्या वर्षांतही त्यानें आरशासमोर बसून स्वतःस निदान दोनदां रंगविलें. १६३० सालचा डोळे विस्फारलेला पोरगा आणि हा थकलेला, सुजट चेहऱ्याचा म्हातारा हे शेजारीं ठेवून पाहावे. मधल्या एकोणचाळीस वर्षांचा हिशेब दुसऱ्या कोणीं सांगावयास नको.

आमच्या घरोघरीं मुलें एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांकरितां चित्रें काढतात, प्रमाणपत्र मिळालें कीं वही माळ्यावर जाते. त्या मुलांस हीं पानें दाखवावीं असें आम्हांस वाटतें. आणि घरच्या आजीस, स्वयंपाक करणाऱ्या आईस, झोंपलेल्या भावंडास रोज एक पानभर काढावयास सांगावें. त्यांतून रेंब्रांट निपजणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण रोज पाहतां पाहतां घरांतलीं माणसें त्यांस नीट दिसूं लागतील. तोंवर वडिलांनीं हात पुढें करून समोर बसावें. पांगुळगाड्याला धरून मूल आपलें आपण चालत येईल.