जोतीरावांचा डावा हात

थोर पुरुषांची चरित्रे लिहिणाऱ्यांस त्यांच्या पराक्रमाचे दिवस फार प्रिय असतात. आजारपणाचे दिवस ते दोन ओळींत आटोपतात. चरित्रनायक अंथरुणास खिळला की लेखकाची लेखणीही अडखळते, आणि मृत्यूची तारीख नोंदवून ती मोकळी होते. जोतीराव फुले यांच्या बाबतीत असेच झाले आहे. इ. स. १८८८ च्या जुलै महिन्यात त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले: एवढे आपण शाळेतील मुलांसही सांगतो. परंतु या दोन वाक्यांच्या मध्ये दोन वर्षे व चार महिने आहेत. ते दिवस कसे गेले, कोणाच्या आधाराने गेले, आणि त्या दिवसांचा त्या पुस्तकाशी काय संबंध आहे, याचा थोडा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जो हात गेला तो कसा होता, हे आधी पाहिले पाहिजे. तरुणपणी लहुजीबुवांच्या तालमीत याच हाताने दांडपट्टा फिरविला होता व निशाण धरले होते. त्या शिक्षणाचा उल्लेख जोतीरावांनी स्वतः आपल्या लेखनात अभिमानाने केला आहे. पुढे १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा याच हाताने फळ्यावर अक्षरे गिरविली. जोतीराव पोटासाठी समाजकार्यावर विसंबून राहिले नाहीत. ते कंत्राटदार होते; येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचा संबंध आला. दगड, चुना, मजूर आणि हिशेबाच्या वह्या यांत त्यांचे आयुष्य गेले, आणि मजुरांची दैना त्यांनी पुस्तकांत वाचून नव्हे, उन्हात उभे राहून पाहिली. ‘गुलामगिरी’ १८७३ साली आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला तो याच हाताने. साठी गाठेपर्यंत हा पुरुष शरीराने धट्टाकट्टा आणि स्वभावाने कोणापुढे न वाकणारा असा होता.

१८८८ चे साल तर त्यांच्या वैभवाचेच म्हणावयाचे. २ मार्च रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि हिंदुस्थानची खरी प्रजा या झगमगाटात नाही, ती खेड्यापाड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्रास तोंडावर सांगितले. ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. या सत्कारानंतर दोनच महिन्यांत झटका आला. देवभोळ्या मनुष्याने यात दैवाचा हात पाहिला असता. जोतीरावांस तसे वाटण्याचा संभव नव्हता.

अर्धांगवायू म्हणजे काय, हे आज आपणांस पुष्कळ कळते. मेंदूच्या डाव्या भागातील रक्तपुरवठा खुंटला अगर तेथे रक्तस्राव झाला की शरीराची उजवी बाजू निकामी होते. आणि बहुतेकांच्या ठिकाणी वाणीचे केंद्रही त्याच डाव्या भागात असल्याने उजव्या अंगाबरोबर शब्दही जाण्याचा धोका असतो. आज रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध आहे. ते पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून घड्याळ पाहून रोग्यास इस्पितळात नेतात. सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावी आज वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. १८८८ साली पुण्यासारख्या शहरातही या रोगावर विश्रांती, मर्दन व शुश्रूषा यांपलीकडे फारसा उपाय नव्हता. रोग्याचे जे काही सावरावयाचे ते त्याच्या शरीरानेच सावरावयाचे, आणि तोवर त्यास जपावयाचे ते घरच्यांनी व इष्टमित्रांनी.

जोतीरावांचे भाग्य असे, की त्यांचे वैद्य हे त्यांचे मित्रच होते. डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी कुळात जन्मलेले नामांकित शस्त्रवैद्य. सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते अग्रभागी होते. पुण्यातील बाहुलीचा हौद ज्यांनी पाहिला असेल त्यांस त्यांचे नाव परके वाटणार नाही. आपल्या दिवंगत कन्येची स्मृती त्यांनी तेथे जपली आहे. घोल्यांच्या उपचारांनी जोतीराव सावरले. वाचा टिकली, बुद्धी तर पूर्ववत तल्लख राहिली. परंतु उजवा हात लेखणी धरण्यास निरुपयोगी झाला.

ज्याने जन्मभर उजव्या हाताने लिहिले त्याने साठी उलटल्यावर डाव्या हाताने लिहावयास बसणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्यास घ्यावयाचा असेल त्याने आपले नाव एकदा डाव्या हाताने लिहून पाहावे. अक्षर वाकडे येते; बोटे आखडतात; मन पुढे धावते आणि हात मागे रेंगाळतो. मुलांस धुळाक्षरे गिरवावयास लावणाऱ्या शिक्षकास उतारवयात स्वतःच पाटीवर बसावे लागले! युरोपात पाश्चर यासही १८६८ साली असाच झटका येऊन त्याचे डावे अंग अधू झाले होते, आणि कुत्र्याच्या विषावरील त्याची लस ही त्यानंतर सतरा वर्षांनी आली. परंतु पाश्चरजवळ प्रयोगशाळा होती, साहाय्यक होते, सरकारचा आश्रय होता. जोतीरावांजवळ गंज पेठेतील आपले घर होते, आणि त्या घरातील माणसे होती.

या माणसांत अर्थात सावित्रीबाई प्रथम. येथे एका जुन्या पत्राची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई स्वतः आजारी होऊन नायगावी माहेरी राहिल्या होत्या. बरे वाटू लागताच त्यांनी जोतीरावांस पत्र लिहिले. त्यात आपल्या दुखण्याचे रडगाणे नाही, तर आपल्या गैरहजेरीत शाळेचा सारा भार फातिमेवर पडला असेल याची काळजी आहे, आणि भावाशी झालेल्या वादात आपण कार्याची बाजू कशी मांडली याची हकीकत आहे. जी बाई स्वतःच्या आजारपणात दुसऱ्याच्या कामाची चिंता वाहते, तिच्या हाती बत्तीस वर्षांनी पतीची शुश्रूषा आली. नवरा-बायको एकमेकांची सेवा करतात यात नवल नाही. पण त्या काळच्या घरांत सेवा ही एकाच बाजूने वाहत असे. या घरात आजारी पत्नीने पतीस बरोबरीच्या सहकाऱ्याप्रमाणे लिहावे, अशी वहिवाट आधीच पडली होती. शुश्रूषेच्या त्या दिवसांत ती कामास आली असली पाहिजे.

घरातील दुसरे माणूस म्हणजे यशवंत. एका विधवा ब्राह्मण स्त्रीचे हे मूल फुले दांपत्याने १८७४ साली आपले म्हणून स्वीकारले. बाप अर्धांगाने अधू झालेला असता ४ फेब्रुवारी १८८९ रोजी या मुलाचे लग्न झाले. वधू ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांची कन्या. आणि विवाह सत्यशोधक पद्धतीने, भटजीवाचून. घरात दुखणे असता कार्य पुढे ढकलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. येथे ते ढकलले नाही. दोनच वर्षांपूर्वी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीची पुस्तिका छापून प्रसिद्ध केली होती; लोकांस सांगितलेला विधी आपल्या घरी आचरून दाखविण्याची संधी त्यांस सोडावयाची नव्हती. मृत्युपत्र तर त्यांनी झटका येण्यापूर्वीच, जुलै १८८७ मध्ये, करून ठेवले होते. त्यामुळे आजारपणाचे दिवस निरवानिरवीत न जाता नवीन कार्यात गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता मित्रांकडे वळू. जोतीरावांचे मित्रमंडळ पाहिले म्हणजे त्यांस जातिद्वेष्टे म्हणणाऱ्यांचे तोंड बंद व्हावे. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे शाळकरी वयापासूनचे ब्राह्मण स्नेही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधू’ चालवीत व गिरणीकामगारांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालीत. गिरण्यांस रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळू लागली, ती जोतीरावांच्या हयातीतच. याखेरीज मुंबईतील तेलुगूभाषी मंडळी होती: रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार. समाजास स्वतःचा छापखाना असावा म्हणून याच मंडळींनी छापण्याचे यंत्र भेट दिले होते. मराठी माणसांच्या चळवळीस तेलुगू माणसांनी हात द्यावा, याचे सोलापूरच्या वाचकांस आश्चर्य वाटणार नाही; मागावर व विडीच्या सुपापुढे या दोन्ही भाषा तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसत आल्या आहेत, आणि कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत त्या आजही एकाच अंगणात ऐकू येतात.

या स्नेहाची सर्वांत मोठी साक्ष मात्र त्या पुस्तकातच आहे. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ बहुतांशी प्रश्नोत्तररूप आहे, आणि प्रश्न विचारणारे काल्पनिक शिष्य नाहीत. बळवंतराव हरी साकवळकर विचारतात; गणपतराव दर्याजी थोरात विचारतात; गोविंदराव गणपतराव काळे विचारतात; आणि खुद्द यशवंत जोतीराव फुले, म्हणजे घरातला मुलगा, बापास धर्माविषयी प्रश्न करतो. प्रश्नोत्तराची ही रीत जोतीरावांस नवीन नव्हती; ‘गुलामगिरी’तही धोंडिबा व जोतीराव यांचा संवाद आहे. परंतु तेथे दोघेच बोलतात. येथे बैठक भरली आहे. वाचताना वारंवार असे वाटते, की आजारी माणसाच्या उशापायथ्याशी माणसे येऊन बसली आहेत, आणि तो त्यांच्या शंकांचे निरसन करीत आहे. डाव्या हाताने लिहिलेल्या पुस्तकास अनेकांच्या तोंडचे प्रश्न लाभले, हा योगायोग खराच. पण मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

पुस्तकातील विचारांकडे पाहिले तर ही समजूत अधिकच दृढ होते. जग उत्पन्न करणाऱ्यास जोतीराव ‘निर्मीक’ म्हणतात; त्यास नवस नको, मध्यस्थ नको. सत्य वर्तन कोणास म्हणावे, हे त्यांनी तेहेतीस कलमांत सांगितले आहे, आणि त्यांत स्त्रीपुरुषांची बरोबरी पुनःपुन्हा येते. सर्वांत धीट कल्पना एका कुटुंबाची आहे. घरातील बाईस बौद्ध धर्म पटला तर तिने तो घ्यावा, नवऱ्यास ख्रिस्ती धर्म पटला तर त्याने तो घ्यावा, मुलीने मुसलमानी धर्म स्वीकारावा, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा. आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरात प्रेमाने नांदावे, असे ते सांगतात. हा विचार सभेतल्या वक्त्याचा नाही. घर म्हणजे काय, आणि माणसास माणसाची गरज किती असते, हे ज्यास रोज उठताबसता कळत होते, अशा मनुष्याचा तो विचार आहे. असुडाचे फटकारे ओढणाऱ्या लेखणीने शेवटी एक चूल मांडून दाखविली. तिची धार येथेही बोथट झालेली नाही. परंतु तोडून काय टाकावयाचे याबरोबर जोडून काय ठेवावयाचे, हाही प्रश्न येथे तितक्याच आग्रहाने पुढे येतो.

आता या हकीकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जोतीरावांनी कंत्राटदारीत मिळविलेला पैसा शाळा, अनाथ बालके, दुष्काळपीडित यांच्याकडे गेला होता. आजारपण आले तेव्हा घरात ओढ होती. मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस पत्र लिहून या कुटुंबास साहाय्य करण्याची विनंती केली. परमानंद हे प्रार्थना समाजाचे. ते स्वतःही प्रकृतीने खंगलेले होते. एका आजारी लेखकाने दुसऱ्या आजारी लेखकासाठी रदबदली करावी, हे दृश्य मनास चटका लावणारे आहे. त्या पत्रात त्यांनी सावित्रीबाईंची थोरवी पतीहूनही अधिक मानली आहे, हे विशेष. साहाय्य आले, परंतु ते आले तोवर जोतीराव राहिले नव्हते. ‘महात्मा’ पदवी देण्यास मुंबईकर शेकड्यांनी जमले होते. पदवी वेळेवर मिळाली, औषधपाण्यास पैसा उशिरा मिळाला. आपल्या समाजाची ही जुनी खोड आहे, आणि ती अद्याप गेलेली नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपला देह मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. राहत्या जागी दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारल्याने दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून तंटा उपस्थित झाला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या व त्यांनी ते स्वतः हाती घेतले. त्या काळी स्त्रीने हे करणे म्हणजे केवढे धाडस! पुढच्याच वर्षी, १८९१ साली, यशवंताने बापाचे पुस्तक छापून प्रसिद्ध केले.

डाव्या हाताने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण एका पुरुषाच्या जिद्दीची म्हणून सांगतो, आणि जिद्द होती यात शंका नाही. तथापि त्या हातामागे आणखी किती हात होते ते विसरता कामा नये: नाडी पाहणारा घोल्यांचा हात, शुश्रूषा करणारा सावित्रीबाईंचा हात, बडोद्यास पत्र लिहिणारा परमानंदांचा थरथरता हात, आणि हस्तलिखित छापखान्यात नेणारा एका पोरसवदा मुलाचा हात. कोणत्याही एका जातीत वा एका भाषेत हे सारे हात मिळाले नसते. जोतीरावांनी आयुष्यभर जी माणसे जोडली ती त्यांच्या पडत्या काळी त्यांच्याभोवती उभी राहिली, आणि सत्यधर्म म्हणून त्यांनी जो लिहिला तो त्यांच्या घरात आधीच नांदत होता.