चालू वेळेचे डीफॉल्ट मूल्य आणि ट्रिगर

चालू वेळेचे डीफॉल्ट मूल्य आणि ट्रिगर : टेबलमध्ये नवी ओळ भरताना वेळेचा रकाना वगळला, तर डेटाबेस स्वतः जी वेळ लिहितो ते चालू वेळेचे डीफॉल्ट मूल्य. ओळ भरताना, बदलताना वा काढताना आपोआप चालणारी आज्ञावली म्हणजे ट्रिगर. दोन्हींत ‘आत्ता’ म्हणजे नेमका कोणता क्षण, हे डेटाबेसगणिक बदलते.

एसक्यूएल मानकाच्या १९९९ च्या आवृत्तीनुसार एका विधानातील आणि त्यामुळे चाललेल्या ट्रिगरमधील चालू वेळ एकाच क्षणी मोजल्यासारखी धरायची असते. तो क्षण कोणता, हे मानकाने उत्पादकांवर सोडले आहे.

पोस्टग्रेस : येथे ‘नाऊ’ आणि ‘करंट टाइमस्टॅम्प’ ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या विधानांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतात आणि ती शेवटपर्यंत हलत नाही. पंचांग पाहणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल: सूर्योदयाची तिथी सामान्यतः दिवसभराची धरतात, दुपारी ती पालटली तरी. त्यामुळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अर्धा तास चाललेल्या भरणीतील सर्व ओळींवर, आणि ट्रिगरने लिहिलेल्या नोंदींवरही, एकच वेळ उमटते. तिच्यावरून ओळींचा क्रम लावता येत नाही. खरे घड्याळ हवे असल्यास ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ वापरावे लागते. डीफॉल्ट मूल्य ‘बिफोर’ (ओळ लिहिण्याआधी चालणाऱ्या) ट्रिगरच्या आधीच भरले जाते. म्हणून ट्रिगरला रकान्यात वेळ दिसते, पण ती माणसाने दिली की डीफॉल्टने, हे कळत नाही. ओळ बदलताना डीफॉल्ट पुन्हा लागू होत नाही. ‘शेवटचा बदल’ नोंदवायला ट्रिगरच लिहावा लागतो. ‘नाऊ’ हा शब्द अवतरणात घालून डीफॉल्ट म्हणून दिला, तर टेबल बनवल्याचा क्षण कायमचा गोठतो. ही चूक आजही होते आणि महिनोन् महिने लक्षात येत नाही.

मायएसक्यूएल : ‘नाऊ’ विधान सुरू झाल्याची वेळ देते; ट्रिगरमध्ये, ट्रिगर चालवणाऱ्या विधानाची. ‘सिसडेट’ मात्र प्रत्यक्ष चालतानाचा क्षण देते, म्हणून विधाने पाठवून होणाऱ्या प्रतिकृतीत ते धोक्याचे. ‘ऑन अपडेट’ची सोय असल्याने बदलाच्या वेळेसाठी येथे ट्रिगर लागत नाही. ५.६.५ आवृत्तीपूर्वी अशी आपोआप भरणारी वेळ टेबलच्या एकाच रकान्याला देता येई.

फायरबर्ड : ट्रिगरमध्ये ‘करंट टाइमस्टॅम्प’ स्थिर, ‘नाऊ’ पुढे सरकणारे.

ओरॅकल : ‘सिसडेट’ सर्व्हरची वेळ देते, ‘करंट डेट’ सत्राच्या कालविभागातील.

एसक्यूलाइट : डीफॉल्ट ‘करंट टाइमस्टॅम्प’ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, लिहिले जाते, आणि भारतात खरी अडचण येथेच येते. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. बंदी उठल्यावर १ ऑगस्टला पहाटे ३ वाजता रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून सुटलेल्या नौकेची नोंद अशा टेबलमध्ये ३१ जुलै, रात्री ९:३० अशी पडेल. फक्त तारीख वाचणाऱ्याला ती नौका बंदी मोडून गेलेली दिसेल. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील प्रत्येक नोंदीला हा धोका असतो, आणि बंदरावरची बरीच कामे त्याच वेळेत चालतात. क्षण यूटीसीत साठवणे चूक नाही. तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग न सांगणे ही चूक. भारतात घड्याळे ऋतूनुसार मागेपुढे करीत नाहीत, त्यामुळे अशा जुन्या नोंदींत साडेपाच तास मिळवले की योग्य तारीख मिळते. वेळ टाकून नुसती तारीख साठवली असेल, तर ती दुरुस्त करता येत नाही.