दंडावरच्या व्रणाची कहाणी



आपल्या डाव्या दंडावर बहुधा एक लहानसा गोल व्रण असेल. आपल्या मुलांच्या दंडावरही तो दिसेल. ही बीसीजी लसीची खूण. क्षयापासून संरक्षण म्हणून तान्हेपणी टोचलेल्या या लसीकडे आपण पुढे कधी लक्षही देत नाही. परंतु २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनाच्या साथीने जग भयभीत झाले, तेव्हा याच व्रणाची चर्चा सुरू झाली. ज्या देशांत सर्व मुलांना बीसीजी टोचतात तेथे करोनाचे मृत्यू कमी दिसतात, असे काही अभ्यासक आकडे मांडून सांगू लागले. आपल्याकडेही ‘आपण तर लहानपणीच टोचून घेतले आहे, आपल्याला काय होणार?’ असे बोलले जाऊ लागले.

एका रोगाची लस दुसऱ्या रोगावर चालते काय? आणि एक लस दुसऱ्या लसीचा परिणाम बदलू शकते काय? हे प्रश्न २०२० साली जन्मलेले नाहीत. त्यांना जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात परिचारिका व इतर रुग्णसेवक पुन्हा पुन्हा भेटतात. तो इतिहास थोडक्यात आपणापुढे ठेवीत आहे.

बटाट्यावर वाढवलेली लस

फ्रान्समधील लील शहरात आल्बेर काल्मेट आणि कामीय गेरँ या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ साली गुरांच्या क्षयाचे जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर वाढवण्यास आरंभ केला. दर काही आठवड्यांनी जंतू नव्या मिश्रणावर न्यायचे, असा त्यांचा क्रम होता. मधल्या काळात पहिले महायुद्ध येऊन गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही. तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा हे स्थलांतर झाल्यावर त्या जंतूंची मारकशक्ती नाहीशी झाली. १९२१ मध्ये पॅरिस येथे एका अर्भकाला ही लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली. दोघांच्या नावांवरूनच ‘बॅसिलस काल्मेट-गेरँ’, म्हणजे बीसीजी, हे नाव पडले.

या लसीवर मोठे संकटही आले. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरात लसीमध्ये क्षयाचे जिवंत मारक जंतू मिसळले गेले आणि ७० हून अधिक बालके दगावली. दोष तेथील प्रयोगशाळेतील हाताळणीचा होता, मूळ लसीचा नव्हता, असे चौकशीत सिद्ध झाले. परंतु एकदा गेलेला विश्वास परत मिळवण्यास किती काळ लागतो, हे पालकांना सांगावयास नको.

ऑस्लोच्या परिचारिका

त्याच सुमारास नॉर्वेतील ऑस्लो येथे योहानेस हाइमबेक हे डॉक्टर उलेव्हॉल रुग्णालयात शिकणाऱ्या परिचारिकांची तपासणी करीत होते. ज्या मुलींना पूर्वी क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झाला नव्हता, त्याच प्रशिक्षणाच्या काळात अधिक प्रमाणात आजारी पडतात, असे त्यांना आढळले. रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्या या मुली स्वतःच रुग्ण होत होत्या. १९२० च्या दशकात हाइमबेक यांनी त्यांना बीसीजी देण्यास सुरुवात केली, आणि लस घेतलेल्यांत क्षयाचे प्रमाण कमी दिसले.

याच वेळी स्वीडनच्या उत्तरेकडील नॉरबॉटन प्रांतात कार्ल नेसलुंड हे डॉक्टर १९२७ पासून नवजात बालकांना बीसीजी देत होते. त्यांच्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट आढळली. लस घेतलेल्या बालकांचे मृत्यू न घेतलेल्यांच्या जवळजवळ एकतृतीयांश होते, आणि एवढा फरक केवळ क्षय टळल्यामुळे पडणे शक्य नव्हते. ही लस इतर रोगांशी झुंजण्याचे बळही देत असावी, असा तर्क त्यांनी मांडला.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. जे आईबाप आपणहून मूल टोचून घेतात, ते त्याच्या खाण्यापिण्याची आणि स्वच्छतेचीही अधिक काळजी घेत असतील की नाही? मग बालके जगली ती लसीमुळे की काळजीमुळे? तुलना बरोबरीची नसेल तर आकडे खरे असूनही फसवतात.

याचा धडा आपल्याच देशात मिळाला. भारतात १९४८ साली बीसीजी आली आणि १९५१ पासून तिची देशव्यापी मोहीम निघाली. पुढे १९६८ मध्ये मद्रासजवळील चेंगलपट्टू भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी सुरू झाली. कोणाला लस द्यायची आणि कोणाला नुसते पाणी, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले. फुप्फुसाच्या क्षयापासून या लसीने तेथे संरक्षण मिळत नाही, असा निष्कर्ष १९७९-८० च्या सुमारास पुढे आला. अनेकांना तो धक्काच होता. मात्र लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून बीसीजी वाचवते. म्हणूनच ती आजही दिली जाते.

शरीराची तालीम

मग नेसलुंड यांचा तर्क खोटा होता काय? तसेही नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील नायमेगन येथे मिहाई नेतेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला शास्त्रीय आधार दिला. आपल्या शरीरात रक्षकांच्या दोन फळ्या असतात. पहिली फळी कोणताही जंतू दिसताच धावून जाते. दुसरी विशिष्ट जंतू ओळखून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते आणि त्याला दीर्घकाळ लक्षात ठेवते. पहिल्या फळीला स्मरणच नसते, असे पूर्वी मानीत. बीसीजी दिल्यानंतर मात्र या पहिल्या फळीतील पेशींमध्ये, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांवर, नव्या रासायनिक खुणा आढळल्या. काही महिन्यांनी दुसऱ्याच जंतूशी गाठ पडली तरी त्या पेशी अधिक जोमाने उत्तर देत होत्या. आखाड्यात तालीम केलेला गडी प्रतिस्पर्धी कोणीही असो, तयारीत असतो, तसाच हा प्रकार. यालाच ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हणतात.

पहिली फळी जागी असेल तर दुसऱ्या फळीलाही संदेश लवकर पोहोचतो. म्हणून एक लस दुसऱ्या लसीचे काम सुधारू शकेल, असे वाटू लागले. गांबियात जन्मतः बीसीजी दिलेल्या बालकांमध्ये कावीळ-ब आणि पोलिओ यांच्या लसींची प्रतिद्रव्ये अधिक बनल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले होते. २०१५ मध्ये नायमेगनच्या संशोधकांनी ४० निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना इन्फ्लुएंझाच्या लसीआधी दोन आठवडे बीसीजी दिली. त्यांच्यात इन्फ्लुएंझाविरुद्ध प्रतिद्रव्ये अधिक आढळली. हे प्रयोग लहान होते, पण आशा मोठी होती.

करोनाची कसोटी

अशा वेळी करोना आला. बीसीजी करोनापासून वाचवते याला पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने १२ एप्रिल २०२० रोजी बजावले. पुरावा हवा तर कसोटी घ्यावी लागणार होती. ती कोणावर घ्यावी? ज्यांना संसर्गाचा धोका सर्वांत अधिक, त्या डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील कामगारांवर.

मेलबर्नच्या मर्डॉक चिल्ड्रेन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधील नायजेल कर्टिस यांच्या नेतृत्वाखाली मार्च २०२० मध्ये ‘ब्रेस’ नावाची चाचणी सुरू झाली. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, स्पेन, ब्रिटन आणि ब्राझील या पाच देशांतील ६,८२८ रुग्णसेवक तीत सामील झाले. दुसऱ्या टप्प्यातील ३,९८८ जणांपैकी कोणाला बीसीजी आणि कोणाला मिठाचे पाणी, हे नशिबावर सोडले होते. विचार करा, दिवसभर साथीशी झुंजणारी ही माणसे, आपल्याला औषध मिळाले की पाणी हे माहीत नसताना दंड पुढे करीत होती.

एप्रिल २०२३ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत लक्षणांसह करोना झाल्याचे प्रमाण बीसीजी घेतलेल्यांत १४.७ टक्के, तर पाणी टोचलेल्यांत १२.३ टक्के निघाले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. म्हणजे बीसीजीचा लाभ दिसला नाही. नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णसेवकांवरील चाचण्यांनीही तेच सांगितले. काही लहान प्रयोगांत वेगळे निकाल आले, परंतु मोठ्या कसोटीत ती आशा टिकली नाही. आणि जेथे बहुतेक मुलांना बीसीजी मिळते त्या आपल्या देशात एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने काय केले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दंडावरच्या व्रणाचा भरवसा पोकळ होता. करोनाविरुद्ध उपयोगी पडली ती करोनाचीच लस. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात ती प्रथम रुग्णसेवकांनाच देण्यात आली.

आपण काय घ्यावे?

पालकहो, या इतिहासातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. लसी एकमेकींवर परिणाम करतात, हे खरे. पण तो परिणाम प्रयोगशाळेत रक्तात दिसणे आणि माणूस प्रत्यक्ष रोगातून वाचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘ही लस घेतली, आता ती कशाला?’ असा हिशेब घरी बसून करू नये. बाळाला जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब यांच्या लसी द्यावयाच्या असतात. प्रत्येक लस तिच्या वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, काही मुली परिचारिका होतील. कोणी आकडे पुढे केले तर एक प्रश्न अवश्य विचारा : ही तुलना कोणाची कोणाशी? आणि उत्तर ‘नाही’ असे आले म्हणून श्रम वाया गेले, असे मानू नका. ते ‘नाही’ मिळवण्यासाठी हजारो रुग्णसेवकांनी आपला दंड पुढे केला. त्यामुळेच यापुढे कोणी खोट्या भरवशावर बेसावध राहण्याचे कारण उरलेले नाही.