सूर्य मावळल्यावर

परवा रात्री साडेदहाला ऑफिसचा मेसेज आला. शेवटी लिहिलं होतं, "सकाळी बघितलंत तरी चालेल." तरी मी लगेच उत्तर दिलं. मग झोप उडाली, म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांवरची जुनी टिपणं काढून बसलो.

१८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे दिलं. मागण्या साध्याच. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच.

'सूर्यास्त' या शब्दापाशी मी अडलो. किती हुशारीची मागणी! मालकाचं घड्याळ मागेपुढे करता येतं, सूर्य नाही.

रविवार मिळायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकासुद्धा बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपण रविवारी निवांत लोळतो तो त्यांच्या जिवावर.

सूर्यास्त मात्र हातचा गेला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि अंधार पडला म्हणून काम थांबवायचं कारणच उरलं नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. ओरड झाली, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. आधी निसर्गाने आखलेली रेघ नंतर कायद्याला आखावी लागली.

मोबाईलचं तेच झालं. पूर्वी ऑफिसचं दार लागलं की काम मागे राहायचं. आता ते खिशातून घरी येतं. फ्रान्समध्ये एका अॅम्ब्युलन्स ड्रायव्हरला जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा मोबाईल उचलला नाही म्हणून नोकरीवरून काढलं होतं. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलणं हा गुन्हा नव्हे. पुढे तसा कायदाच झाला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

कोणी म्हणेल, अॅम्ब्युलन्सला वेळकाळ असतो का? नसतो. पण मग पाळी लावा, तिचे पैसे द्या. सुट्टीवरच्या माणसाला फुकट जागं ठेवू नका.

आणि माझं काय? मला तर कोणी जागं ठेवलंच नव्हतं. लोखंड्यांना मालकांशी भांडावं लागलं. माझ्या डोक्यातला मालक मीच नेमलाय, त्याच्यापुढे कुठलं निवेदन ठेवू?

असो. कालपासून रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवतोय. काल दोनदा पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.