दिनविशेष : १० डिसेंबर १८९८
पॅरिसमध्ये आजच्या दिवशी स्पेन आणि अमेरिका यांच्यात झालेल्या तहाने अमेरिका खंडातले आणि आशियातले स्पेनचे चारशे वर्षांचे साम्राज्य मोडीत निघाले, असे म्हटले जाते. खरे तर त्याचा बराचसा भाग फक्त दुसऱ्याच्या ताब्यात गेला. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले. फिलिपिन्ससाठी तिने स्पेनला २ कोटी डॉलर मोजले. फिलिपिनोंनी १२ जूनलाच स्वातंत्र्य जाहीर केले होते, तरी त्यांचे दूत फेलिपे आगोन्सिल्यो यांना वाटाघाटींत स्थान नव्हते. घराचा सौदा झाला, तोही घरच्यांना न विचारता! क्युबा तर स्वतंत्र झाला ना, असे कोणी म्हणेल. झाला, १९०२ मध्ये. पण हस्तक्षेपाचा अमेरिकेचा हक्क राज्यघटनेत मान्य करूनच. फिलिपिन्समध्ये, मनिलात तर फेब्रुवारी १८९९ मध्येच नव्या धन्याविरुद्ध युद्ध पेटले.